पाटी स्वस्त, कुंचला फुकट. मग अडते कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वार्षिक परीक्षा आटोपल्या की ‘डिजिटल पेंटिंग शिका’च्या जाहिराती सुरू होतात आणि पाठोपाठ घराघरांत एकच प्रश्न निघतो : पोराला चित्रकलेची आवड आहे, काय घेऊन द्यावे? दुकानदार पन्नास हजारांच्या आसपासचे काहीतरी दाखवतो. ओळखीतला कुणीतरी महागड्या सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’ केलेली प्रत पेन ड्राइव्हवर आणून देतो. प्रत चोरीची, सोबत व्हायरस येण्याची शक्यता, आणि ती अपडेट करायचीही सोय नाही. खरे तर या दोन्हींवाचून काही अडत नाही. अडते ते पहिल्या पंधरा-वीस दिवसांत, अगदी बारीकसारीक जागी. आणि त्या जागा कुठल्या, हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र नेहमीपेक्षा लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आधी सॉफ्टवेअर. रंगवण्यासाठी ‘क्रिटा’ घ्यावे. स्वीडिश भाषेत या शब्दाचा अर्थ खडू. १९९९च्या सुमारास केडीई या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात हे काम सुरू झाले, आणि आजही ते जगभरातल्या स्वयंसेवकांच्या व नेदरलँड्समधल्या एका फाउंडेशनच्या जोरावर चालते. क्रिटा डॉट ऑर्ग या त्यांच्याच संकेतस्थळावरून ते उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत. विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालते. विंडोजच्या स्टोअरवर किंवा ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात त्याला किंमत लावलेली दिसेल. ती त्या कामाला मदत म्हणून आहे, सॉफ्टवेअर तेच. अँड्रॉइडवर ते टॅबलेटपुरते ठीक. मोबाइलच्या पडद्यावर बटणांतच बोट अडकते. आयपॅडवर क्रिटा मिळत नाही, हे आयपॅड घेण्याआधी कळलेले बरे. यात काढलेले चित्र तुमचेच. ते विकलेत तरी कुणाला काही द्यावे लागत नाही.

गिंपचे नाव अनेकजण सुचवतात. ते १९९६पासून आहे, उत्तम आहे, पण त्याचा पिंड फोटो दुरुस्त करण्याचा. कोऱ्या कागदावरून चित्र काढणाऱ्याला त्यात उगाच वळसे पडतात. इंकस्केप बोधचिन्हे, अक्षरे, नक्षी यांसाठी. त्याकडे पुढे येतो. मायपेंट फार सुटसुटीत आहे, कागद कुठे संपतच नाही, नुसत्या कच्च्या रेखाटनांना छान. पण नवशिक्याने एकाच वेळी चारही उघडून बसू नये. सहा महिने क्रिटा एके क्रिटा.

आता पाटी. पडदा नसलेला, लॅपटॉपला जोडायचा साधा पेन टॅबलेट तीन-चार हजारांच्या आसपास मिळतो. साधारण सहा इंच बाय चार इंचांची त्याची काम करण्याची जागा असते. नवशिक्याला तेवढी पुरते. वॅकॉम, हुइऑन, एक्सपी-पेन यांपैकी कुठलाही चालेल. खोक्यावर दाबाच्या ८१९२ पातळ्या छापलेल्या असतात, त्याला भुलू नये. २०४८ पातळ्यांच्या पेनाने काढलेल्या रेघेत आणि त्या रेघेत नवशिक्याच्या हाताला काडीचा फरक जाणवत नाही. पाहायचे ते एवढेच, की पेनाला बॅटरी लागत नाही ना आणि बदलायच्या निब सोबत दिल्या आहेत ना. निब झिजते. झिजून तिची छिन्नीसारखी धार झाली की पाटीवर चरे पडतात, म्हणून त्याआधीच ती बदलावी.

पाटी जोडल्यावर चित्र काढण्याआधी एक चाचणी करावी. ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला पाटीची ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम, कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. आधी दुसऱ्या कंपनीचा ड्रायव्हर टाकलेला असेल तर तो पूर्ण काढून टाकावा, कारण दोन ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत. मग स्वयंपाकघरातली एक छोटी वाटी पाटीवर पालथी ठेवावी आणि तिच्या कडेने पेन फिरवावे. पडद्यावर गोल आला तर उत्तम. बहुतेकांचा येत नाही, आडवा पसरलेला अंडाकार येतो. कारण साधे आहे : पाटीची रुंदी-उंची ३:२ आणि लॅपटॉपच्या पडद्याची १६:९. पाटीचा कोपरा न् कोपरा पडद्याच्या कोपऱ्याला ताणून बसवला की प्रत्येक आकार आडवा सुमारे १८ टक्के फुगतो. बिचारे पोर महिनाभर ‘माझे चेहरे रुंदच येतात’ म्हणत बसते आणि दोष हाताला देते. ड्रायव्हरच्या खिडकीत प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय असतो, ‘फोर्स प्रपोर्शन्स’ किंवा तत्सम नावाचा. तो लावला की पाटीची थोडी पट्टी वाया जाते, पण वाटी गोल उमटते.

दुसरी चाचणी दाबाची. हलकी रेघ बारीक आणि दाबून ओढलेली जाड यायला हवी. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या येत असतील तर क्रिटाच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘कॉन्फिगर क्रिटा’, त्यात ‘टॅबलेट सेटिंग्ज’ उघडावे. पेनाचा दाब क्रिटापर्यंत पोचवण्याचे विंडोजवर तिथे दोन पर्याय दिसतात : एक ‘विनटॅब’चा, दुसरा ‘विंडोज इंक’चा. जो लागलेला असेल तो बदलून क्रिटा बंद करावे व पुन्हा उघडावे. टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्येही ‘विंडोज इंक’ची एक चौकट असते. दोन्हीकडे एकच निवड हवी; एकीकडे हो आणि दुसरीकडे नाही असेल तर दाब मधल्या मध्ये गायब होतो. त्याच पानावर दाबाची एक वक्ररेषा दिसते. हात जड असलेल्याने ती थोडी खाली ओढावी, हलका असलेल्याने वर. रेघ सुरू होताना पेनाभोवती गोल कडे उमटून क्षणभर अडखळत असेल, तर तो विंडोजचा ‘दाबून धरले की राइट क्लिक’ हा आगाऊपणा आहे. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘पेन अँड टच’मध्ये जाऊन तो बंद करता येतो.

आता नवी फाइल. इथे हौसेला फार मोल पडते. ए-४ कागद ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे रंगाचे ठिपके) घेतला तर २४८० बाय ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर एक पूर्ण रंगवलेला लेयर (काचांसारखे एकावर एक ठेवायचे चित्राचे थर, त्यांतला एक) सुमारे ३५ एमबी. ‘क्वालिटी चांगली हवी’ म्हणून कुणी ६०० टाकले की तोच लेयर १४० एमबीचा होतो. वर रंगाची खोली ८ ऐवजी १६ बिट केली की पुन्हा दुप्पट. वीस लेयर झाले की चार जीबी रॅमच्या लॅपटॉपचा दम निघतो, कुंचला हातामागून रांगत येतो आणि मग घरच्यांना नवा लॅपटॉप मागितला जातो. सरावासाठी २००० बाय २०००, आरजीबी, ८ बिट एवढे भरपूर आहे. पडद्यावर पाहायच्या चित्राला पीपीआयचा आकडा काही करत नाही. तो कागदावर छापतानाच कामाला येतो.

फाइल उघडताना पार्श्वभूमी पांढरी ठेवू नये, मध्यम करडी घ्यावी. पांढऱ्यावर कुठलाही रंग गडद वाटतो, त्यामुळे नवशिक्याचा हात भीत भीत फिकट रंगच लावत राहतो. आणि हो, रंगवायला बसण्याआधी लॅपटॉपचा ‘नाइट लाइट’ बंद करावा. रात्री पिवळट पडद्यावर रंगवलेले आकाश सकाळी भलतेच निळे निघते.

क्रिटासोबत शंभराहून अधिक कुंचले येतात. मोह इथेच होतो : पाने उमटवणारा कुंचला, ढग उमटवणारा, खवल्यांचा. पहिला महिना तीनच वापरावेत. रेखाटनाला ‘सी’ गटातली पेन्सिल-२, भरायला ‘बी’ गटातला बेसिक-५ साइज आणि छटा मिसळायला त्याच गटातला बेसिक-२ ओपॅसिटी. बेसिक-५मध्ये दाबाने जाडी बदलते. बेसिक-२मध्ये दाबाने रंग पातळ-दाट होतो. एवढे कळले तरी निम्मे काम झाले. चौकोनी कंसाच्या दोन कळांनी कुंचला लहान-मोठा होतो, किंवा शिफ्ट धरून पेन आडवे ओढले तरी होतो. कंट्रोल धरून चित्रावर टेकवले की तिथला रंग उचलला जातो. ‘४’ आणि ‘६’ने कागद फिरतो, ‘५’ने सरळ होतो. ‘एम’ने चित्र आरशात पाहिल्यासारखे उलटते. ही शेवटची कळ सर्वांत निष्ठुर आणि सर्वांत उपयोगी, कारण तिरका बसलेला डोळा सरळ चित्रात सवयीने दिसेनासा होतो तो उलट्यात चटकन खुपतो.

‘रंगच उमटत नाही’ ही पहिल्या आठवड्यातली ठरलेली तक्रार. सॉफ्टवेअर बिघडले असे समजून काढून पुन्हा टाकणारेही असतात. बहुधा चारांपैकी एक गोष्ट झालेली असते. चुकून ‘ई’ कळ दाबली गेली आहे आणि कुंचला खोडरबर झाला आहे. पुन्हा ‘ई’ दाबली की सुटतो. किंवा आधी काहीतरी निवडून ठेवले होते, त्याची निवड तशीच आहे आणि त्या कुंपणाबाहेर रंग जात नाही; कंट्रोल-शिफ्ट-ए दाबले की निवड सुटते. किंवा भलताच लेयर निवडला आहे, जो झाकलेला वा कुलूपबंद आहे. किंवा वरच्या अपारदर्शक लेयरखाली रंगवणे चालू आहे. रंग उमटतो आहे, पण गादीखाली. या क्रमाने तपासले तर अर्ध्या मिनिटात उलगडा होतो.

हे झाले यंत्राचे. चित्राचे काय? इथे आपल्याकडच्या मुलांजवळ एक पुंजी आहे, जिचा उपयोग कुणी करून घेत नाही. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या शासकीय रेखाकला परीक्षांसाठी वस्तुचित्र, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव करणारी मुले गावोगावच्या शाळांत आहेत. डिजिटलचे शिक्षण म्हटले की त्यांच्यासमोर परदेशी कार्टूनचे डोळे आणि चकाकते केस ठेवले जातात. त्याऐवजी ड्रॉइंगच्या सरांनी टेबलावर मांडलेला तांब्या क्रिटात काढून पाहावा. तांब्याइतका चांगला गुरू नाही.

पहिल्या लेयरवर पेन्सिलने आखणी. मधोमध उभी अक्षरेषा, मग तोंड, मान, पोट, तळ यांची लंबवर्तुळे. तांब्या डोळ्यांच्या पातळीखाली असेल तर तोंडाचे लंबवर्तुळ सर्वांत चपटे आणि तळाचे सर्वांत फुगीर असते, कारण तळ डोळ्यांपासून अधिक खाली आहे. जवळजवळ प्रत्येक नवशिका नेमके उलटे करतो : तोंड गोल काढतो आणि ‘टेबलावर ठेवलाय’ म्हणून तळाला सरळ रेघ मारतो. तांब्या मग कापून चिकटवल्यासारखा दिसतो. क्रिटात वरच्या पट्टीवर आरशाचे बटण आहे; ते लावले की एक बाजू काढताच दुसरी आपोआप उमटते. आखणी तपासायला ते वापरावे, काढायला नको. हात घडतो तो दोन्ही बाजू जुळवण्याच्या खटपटीतच.

आखणीच्या लेयरची ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, ३० टक्क्यांवर आणावी. तिच्याखाली नवा लेयर घेऊन बेसिक-५ने तांब्याचा सगळा आकार एकाच मध्यम तपकिरी रंगाने सपाट भरावा. कडा स्वच्छ हव्यात. हा आकारच पुढे साचा म्हणून वापरायचा आहे. आता सावली-उजेड या साच्याबाहेर जाऊ नये, याची सोय करायची, आणि इथेच क्रिटा नवशिक्याला सर्वांत जास्त छळते. लेयरच्या नावापुढे दोन चिन्हे असतात. एक बुद्धिबळाच्या पटासारखे : तो अल्फा लॉक. तो लावला की त्या लेयरवर जिथे आधी रंग आहे तिथेच नवा रंग लागतो. दुसरे ग्रीक अल्फासारखे : तो इनहेरिट अल्फा. तो वरच्या वेगळ्या लेयरला लावतात, म्हणजे तो लेयर खालच्या रंगाच्या हद्दीतच दिसतो. शिकणारी मुलगी तो लावते, सावली रंगवते, आणि सावली खुशाल तांब्याबाहेर टेबलावर सांडते. कारण इनहेरिट अल्फा फक्त लगतच्या लेयरचा नव्हे, तर त्याच गटातल्या खालच्या सगळ्या लेयरांचा मिळून आकार पाहतो. आणि सर्वांत खाली करड्या पार्श्वभूमीचा लेयर पूर्ण भरलेला आहे. त्याच्या लेखी हद्द म्हणजे अख्खा कागद. उपाय : साचा आणि सावली दोन्ही एका ग्रुपमध्ये ठेवायचे. साच्यावर उभे राहून कंट्रोल-शिफ्ट-जी दाबले की क्रिटा ग्रुप आणि आतला लेयर दोन्ही तयार करून देते.

आता छटा. तीनच घ्याव्यात : उजेड, मध्यछटा, सावली. कुंचला १५० ते २०० पिक्सेलचा, म्हणजे बारकावे काढताच येणार नाहीत असा. उजेड डावीकडून असेल तर उजव्या पोटावर सावलीचा एकच सलग आकार टाकावा. ही सावली आणि साच्याचा रंग यांच्या सीमेवर बेसिक-२ने हलका हात फिरवला की तिसरीच छटा तयार होते. कंट्रोलने ती उचलायची आणि तिनेच सीमा भरायची, पुन्हा उचलायची. उचल-लाव, उचल-लाव, या तालावर गोलाई येते. एअरब्रश मात्र दूर ठेवावा. तो मऊ फवारा मारला की पाच मिनिटांत सगळे गुळगुळीत होते आणि तांब्याचा फुगा होतो. धातूला लागणारी कड, जिथे उजेड अचानक संपतो, ती कुठे उरतच नाही.

सावलीसाठी त्याच तपकिरीत काळा मिसळायचा नाही. रंगचक्रावर थोडे लालकडे सरकून मग गडद व्हायचे. काळ्याने तांबे मळकट लोखंड होते. आणि चमक पांढरी नाही! चिनी मातीच्या कपावरची चमक उजेडाच्या रंगाची असते, खिडकीचा उजेड पांढरा तर ती पांढरी. तांबे-पितळेसारख्या रंगीत धातूवरची चमक मात्र धातूचा रंग घेऊन परतते. म्हणून तांब्यावरची चमक फिकट गुलाबी-नारिंगी असते. शेजारी कप-बशी ठेवून दोन्ही एकत्र रंगवले की हा भेद डोळ्यांत बसतो. शुद्ध पांढरा ठिपका फार तर एक, खिडकी सरळ जिथे दिसते तिथे. सावलीच्या बाजूला, अगदी कडेला, टेबलावरून परतलेला मंद उजेड असतो. तो मध्यछटेपेक्षा कधीही उजळ करू नये. तांब्या टेबलाला टेकतो तिथली बारीक काळसर रेघ विसरली तर तो अधांतरी तरंगतो.

छटा बरोबर बसल्या का हे पाहायला सर्वांत वर एक नवा लेयर घ्यावा, तो काळ्याने भरावा आणि त्याचा ब्लेंडिंग मोड (खालच्या रंगांत मिसळण्याची रीत) ‘कलर’ करावा. चित्र कृष्णधवल दिसू लागते. त्यात तांब्या आणि मागची भिंत एकमेकांत विरघळली तर दोष रंगाचा नाही, छटेचा आहे. तपासून झाले की त्या लेयरच्या नावाजवळचे डोळ्याचे चिन्ह दाबून तो झाकायचा.

रेघेबद्दल थोडे. पाटीवर हात चालतो खाली आणि नजर असते समोर; ही फारकत अंगवळणी पडायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर रेघ थरथरतेच. कुंचल्याच्या ‘टूल ऑप्शन्स’मध्ये ‘स्मूदिंग’ आहे. ‘बेसिक’वर ठेवावे. ‘स्टॅबिलायझर’ लावला की रेघ पेनामागून दोरीने ओढल्यासारखी येते आणि विलक्षण सफाईदार दिसते, पण ती कोपरे खाते. नाकाचा टोकदारपणा, बोटांची पेरे, काना-मात्रेची टोके सगळे गोल होऊन जाते. लांब घाटदार रेघांसाठी वापरावा, एरवी बंद. मनगटाने छोट्या छोट्या केसाळ रेघा जोडण्यापेक्षा कोपर उचलून एका फटकाऱ्यात रेघ ओढावी. चुकली तर कंट्रोल-झेड आहेच. पण एका रेघेला तीनदाच, असा नियम हवा. तीसदा मागे जाणाऱ्याची रेघ सुधारत नाही, फक्त चिडचिड वाढते. चित्र ४०० टक्के मोठे करून पापण्या रंगवत बसण्याचेही तसेच. ‘विंडो’तून ‘न्यू व्ह्यू’ उघडून तेच चित्र कोपऱ्यात लहान ठेवावे, म्हणजे पापणीच्या नादात चेहरा सुटला की लगेच कळते.

रेखाकृतीत बादलीने (एका टिचकीत बंद आकार भरणाऱ्या हत्याराने) रंग भरताना कडेला पांढरी किनार राहते, ती का? पेन्सिलची रेघ कडेला अर्धपारदर्शक असते आणि बादली तिथेच थबकते. बादलीच्या पर्यायांत ‘ग्रो सिलेक्शन’ला एक-दोन पिक्सेल द्यावेत, रंग रेघेखाली सरकतो. रंगाचा लेयर अर्थातच रेघेच्या खाली हवा.

जतन करताना मूळ फाइल केआरए या क्रिटाच्या स्वतःच्याच प्रकारात ठेवावी. जेपीजी केली की लेयर एकमेकांत कायमचे मुरतात आणि दर वेळी जतन करताना थोडी प्रत उतरते. दाखवायला पीएनजी वेगळी काढावी. व्हॉट्सअॅपवर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, फोटो म्हणून पाठवली की दाबून लहान होते. कंट्रोल-ऑल्ट-एस दाबले की क्रिटा पुढचा क्रमांक घालून नवी प्रत ठेवते. वीज गेली तर फार तर मागच्या प्रतीपासून सुरू करावे लागते.

गणेशोत्सवात मंडळाचा बॅनर करायला निघालेल्यांसाठी दोन शब्द. १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स ७२ पीपीआयने करायचा तर ८६४० बाय ६९१२ पिक्सेल होतात, म्हणजे एक लेयर सुमारे २४० एमबी. चित्र निम्म्या मापावर, ४३२० बाय ३४५६वर रंगवावे; लेयर ६० एमबीवर येतो. शेवटी सगळे एकत्र करून दुप्पट करावे. बॅनर पंधरा फुटांवरून पाहिला जातो, कुणी भिंग लावत नाही. पडद्यावरचा झगझगीत भगवा आणि पोपटी छपाईत तसा उतरत नाही, कारण शाईला तो रंग जमतच नाही. क्रिटात कंट्रोल-वाय दाबले की छपाईत साधारण कसे दिसेल त्याचा अंदाज येतो. छापखान्याच्या दारात भांडण्यापेक्षा हे सोपे.

बॅनरवरचा मजकूर क्रिटात टाइप करत बसू नये. चित्र पीएनजी करून इंकस्केपमध्ये न्यावे आणि अक्षरे तिथे बसवावीत. जोडाक्षरे, रफार, वेलांट्या नीट बसतात आणि अक्षर कितीही मोठे केले तरी कड फाटत नाही. फॉन्टही चोरीचा नको. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत.

राहता राहिली शाळा. केरळमधल्या शाळांचे संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात आणि तिथल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत गिंप व इंकस्केपचे धडे आहेत. आपल्याकडे ड्रॉइंगचे सर एका मजल्यावर आणि संगणक कक्ष दुसऱ्या मजल्यावर. दोघांची गाठ पडते ती स्नेहसंमेलनाचा फलक करताना. संगणक कक्षात आठवड्याचा एक तास चित्रकलेला दिला आणि दर दोन संगणकांमागे एक साधी पाटी ठेवली, तर वीस संगणकांच्या कक्षाला तीस-चाळीस हजार पुरतात. मुले आळीपाळीने बसतील : एक क्रिटावर, एक कागदावर तोच तांब्या काढत. कला संचालनालयाने रेखाकला परीक्षांत लगेच डिजिटलचा पेपर घालावा असे नाही. घालूही नये, कारण मग त्याच्याही शिकवण्या आणि गाइडे निघतील. नुसती सरावाला मुभा मिळावी.

संगणकात काही नवे टाकायला शाळेत पासवर्ड मिळत नाही, अशी अडचण पुष्कळ शिक्षक सांगतात. विंडोजसाठी क्रिटाची एक झिप प्रतही त्याच संकेतस्थळावर मिळते. ती पेन ड्राइव्हवर उलगडून ठेवली की इन्स्टॉल न करता थेट चालते, फक्त पेन ड्राइव्ह यूएसबी ३चा असावा. २चा असेल तर उघडायला बराच वेळ घेते. तेवढ्यात टेबलावर तांब्या मांडून होतो.

आपला,
एक कलाशिक्षक, सातारा